ग्रहणाच्या सोमवारी दिलेले गाव

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तिकेत एक प्रश्नप्रकार हटकून असतो. वर दोन-चार ओळींचे विधान, खाली चार निष्कर्ष आणि सूचना : 'केवळ दिलेल्या माहितीवरून निश्चितपणे निघणारा निष्कर्ष निवडा.' गणितात पक्की असलेली मुलेही इथे अडखळतात, कारण चारही पर्याय खरे वाटतात. कधी कधी एखादा खरोखर खराही असतो, पण वरच्या माहितीतून तो निघत नाही. मग गुण जातात आणि वाद सुरू होतात.

इतिहासाचा अभ्यासक हीच पुस्तिका रोज सोडवतो. त्याच्या पुस्तिकेला उत्तरसूची नसते, एवढेच.

असाच एक प्रश्न कुरुंदवाडच्या परिसरातून घेता येतो. पंचगंगेच्या काठचे हे गाव पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी म्हणून ओळखले जाते. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तो संगम आणि नृसिंहवाडी अगदी शेजारी. याच शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर आहे. प्रश्न असा :

विधान : कोपेश्वर मंदिराच्या दक्षिण दाराजवळ देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख आहे. त्याचा आशय : शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र महिना, सूर्यग्रहण, सोमवार, या दिवशी यादव राजा सिंघणदेव याने मिरिंज देशातले (म्हणजे मिरजेकडचे) कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराला दिले.

निष्कर्ष :
(अ) कोपेश्वराचे मंदिर सिंघणाने बांधले.
(ब) लेख कोरला गेला तेव्हा कोपेश्वर हे देवस्थान अस्तित्वात होते.
(क) त्या सुमारास मिरजेच्या मुलखावर यादवांचा अंमल होता.
(ड) कुरुंदवाड हे गाव आठशे वर्षांहून जुने आहे.

कुरुंदवाडचा माणूस (ड) वर खूण करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण क्रमाने जाऊ.

पंख्यावरचे नाव

(अ) हा पर्याय सर्वांत आधी बाद होतो, तरी लोक सर्वांत जास्त फसतात तेही इथेच. गावोगावच्या देवळांत छताला पंखा असतो आणि त्याच्या पात्यांवर लिहिलेले असते, 'अमक्यांच्या स्मरणार्थ, तमक्यांकडून'. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, हा भाग वेगळा. पण ते वाचून कोणी म्हणत नाही की देऊळ तमक्यांनी बांधले. उलट पंखा टांगायला आधी छत लागते.

सिंघणाचा लेख गाव दिल्याचा आहे. मंदिर बांधल्याचे त्याच्या आशयात नाही. तरीही जुन्या वास्तूवर राजाचे नाव दिसले की 'बांधणारा सापडला' असे आपण चटकन म्हणून टाकतो. हे होते कारण आपण नकळत एक वाक्य स्वतःच्या पदरचे घालतो : 'ज्याचे नाव भिंतीवर, तोच बांधणारा.' तर्काच्या भाषेत अशा न बोललेल्या वाक्याला गृहीतक म्हणतात. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये असे एक तरी गृहीतक दडलेले असतेच. ते ओढून उजेडात आणले की अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी उलटा प्रश्न विचारायचा : निष्कर्ष खोटा असता, तर पुरावा वेगळा दिसला असता का? मंदिर दुसऱ्याच कोणी, आधीच बांधले असते आणि सिंघणाने नुसते गाव दिले असते, तरीही लेख अक्षरशः असाच असता. म्हणजे (अ) च्या बाजूने या लेखाचे वजन शून्य. मंदिराच्या बांधणीचे श्रेय अभ्यासक साधारणपणे बाराव्या शतकातल्या कोल्हापूरच्या शिलाहारांना देतात, ते वेगळ्या आधारांवर.

तारीख ताडून पाहताना

(ब) आणि (क) कडे जाण्याआधी लेखातली तारीख खरी मानायची का, हे ठरवावे लागते. बनावट दानपत्रे भारतात काही कमी झाली नाहीत. जमिनीवर हक्क सांगायचा तर जुन्या राजाच्या नावाचा ताम्रपट करून घेणे हा एक उद्योगच होता. जॉन फेथफुल फ्लीट या इंग्रज अधिकारी-अभ्यासकाने १९०१ साली अशा बनावट लेखांची यादीच छापली होती.

खिद्रापूरचा लेख या बाबतीत फार सोयीचा आहे, कारण त्याने स्वतःला एकाच वेळी अनेक ठिकाणी अडकवून घेतले आहे. शकाचा आकडा, संवत्सराचे नाव, महिना, वार आणि ग्रहण. या सगळ्यांचा मेळ बसला पाहिजे.

पहिली तपासणी घरच्या पंचांगावर होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. ११३६ अधिक ७८ म्हणजे १२१४. आता संवत्सर बघू. २०२४ च्या गुढीपाडव्याला शके १९४६ सुरू झाले, संवत्सर क्रोधी. साठ संवत्सरांच्या चक्रात क्रोधीचा क्रमांक ३८. शके ११३६ हे त्याच्या ८१० वर्षे मागे. साठाची तेरा आवर्तने म्हणजे ७८०, वर उरली ३०. ३८ मधून ३० वजा केले की ८ येतात, आणि आठवे संवत्सर आहे भाव. लेखात तर श्रीमुख आहे, म्हणजे सातवे.

चुकले? तसे वाटते खरे. पण जुन्या लेखांत शक मोजण्याच्या दोन पद्धती आढळतात. एकीत उलटून गेलेली वर्षे मोजतात, तिला गत शक म्हणतात. दुसरीत चालू वर्षही धरतात, तो वर्तमान शक. दुसऱ्या पद्धतीत आकडा एकाने मोठा दिसतो. आजची पंचांगे गत शक देतात. तेव्हा लेखातले ११३६ हे वर्तमान मानले, तर आपल्या हिशेबाने ते शके ११३५, इसवी सन १२१३-१४. आणि शके ११३५ चे संवत्सर सातवे, श्रीमुख. बसले.

इथे एक चाणाक्ष वाचक हात वर करील : हे तर सोयीस्कर झाले! आकडा जुळेना म्हणून पद्धत बदलली. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठीच उरलेल्या खुणा कामी येतात. श्रीमुख संवत्सरातली चैत्र अमावास्या येते २२ एप्रिल १२१३ ला. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, म्हणून तोच दिवस पाहायचा. त्या दिवशीचा वार काढला की सोमवार येतो. सूर्य-चंद्राच्या गतीचे गणित केले की त्या अमावास्येला ग्रहणही येते. आता पर्यायी वर्ष तपासू. १२१४ मधली चैत्र अमावास्या ११ एप्रिलला, शुक्रवारी, आणि ती संपते मध्यरात्रीच्या सुमारास. वार जुळत नाही. आणि रात्री सूर्यग्रहण कोण पाहणार? म्हणजे वर्तमान शकाची पद्धत आपण पदरचे म्हणून लावली खरी, पण वार आणि ग्रहण यांनी, एकमेकांशी संगनमत न करता, तिच्या बाजूने साक्ष दिली.

आणखी एक बारकी खूण. दख्खनेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. उत्तरेच्या मोजणीने हीच अमावास्या वैशाखात गेली असती. लेख चैत्र म्हणतो, म्हणजे लिहिणारा इथल्या चालीने मोजत होता.

शेदीडशे वर्षांनी बसून खोटा लेख करणाऱ्याला एवढा सगळा मेळ घालणे सोपे नव्हते. अशक्य होते असे मात्र म्हणता येत नाही. गतकालीन ग्रहणे काढणारे जाणकार ज्योतिषी तेव्हाही होते. पण बनावट लेख सहसा याच ठिकाणी उघडे पडतात. त्यांत ग्रहण असते, पण त्या दिवशी आकाशात काहीच घडलेले नसते.

महाराष्ट्राला या तऱ्हेच्या तपासणीची ओळख एका फार मोठ्या वादातून झाली आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा तो वाद. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली; कारीच्या जेधे घराण्यातल्या या टिपणात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. पुढे पार जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली आणि तिथेही हीच तिथी निघाली. गणिताने १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. भोरजवळची कारी आणि राजस्थानातले जोधपूर यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता फार थोडी. म्हणूनच दोन कागदांचे वजन दोनापेक्षा जास्त झाले.

देव होता, भिंत होती?

आता (ब). ज्या देवाला गाव दिले तो देव, त्याची पूजा, ती पूजा चालवणारे कोणीतरी असे सगळे त्या दिवशी असायलाच हवे. नाहीतर गावाचा वसूल घेणार कोण? 'देवस्थान अस्तित्वात होते' हा निष्कर्ष पक्का.

पण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने देवस्थानाऐवजी 'आज दिसते ती वास्तू अस्तित्वात होती' असे लिहिले असते तर? एका शब्दाने गुण जातात ते इथे. आजची वास्तू म्हणजे उघड्या आकाशाखालचा गोल स्वर्गमंडप, त्याचे ४८ खांब, आणि सगळा भार पाठीवर घेतल्यासारखी उभी असलेली हत्तींची रांग. लेखाचा दगड मूळ जागीच आहे, तो दुसऱ्या इमारतीतून आणून बसवलेला नाही, आणि दाराजवळचा भाग व मंडप एकाच काळातले आहेत, ही तीन गृहीतके मान्य केली तरच एवढा मोठा निष्कर्ष निघतो. ती बहुधा बरोबरही असतील. पण ती तपासायची असतात दगडाचे सांधे, कोरीवकामाची शैली आणि बांधणीचे थर पाहून. लेख वाचून ती कळत नाहीत.

राजाची बढाई आणि गावचा वसूल

(क) हा या प्रश्नातला सर्वांत रसाळ पर्याय. राजे स्वतःबद्दल काय वाटेल ते लिहवून घेत. यादवांच्या लेखांत सिंघणाला पन्हाळ्याच्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड म्हटले आहे. हा भोज म्हणजे कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा, दुसरा भोज. अशा विशेषणांना कर लागत नाही. दरबारी कवी ती सढळ हाताने देतो.

गाव देणे वेगळे. त्या गावचा पाटील, कुळकर्णी, तिथे राबणारी माणसे यांना उद्यापासून धान्य कोणाच्या कोठारात घालायचे हे बदलावे लागते. ज्याचा हुकूम तिथे चालत नाही त्याने दान दिले, तर ते दगडावरच राहते. म्हणून गौरवाच्या शंभर ओळींपेक्षा एका गावाचे दान राज्याच्या विस्ताराबद्दल जास्त विश्वासाने बोलते.

तरीही इथे गृहीतक आहेच : 'देणाऱ्याच्या ताब्यात ते गाव होते.' ते बळकट करायला दुसरा साक्षीदार हवा, आणि तो आजऱ्यात सापडतो. सोमदेव या जैन पंडिताने 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ आजुरिका, म्हणजे आजरा, इथे पूर्ण केला. ग्रंथाच्या शेवटी त्याने शके ११२७, क्रोधन संवत्सर असा काळ आणि वीर भोजदेवाचे राज्य चालू असल्याचे नोंदवले आहे. आपली मघाची रीत लावून पाहावी : शके ११३५ चे संवत्सर सातवे, त्याच्या आठ वर्षे मागे गेले की एकोणसाठावे, क्रोधन. बरोबर. इसवी सन १२०५.

सोमदेवाला कोणाचा विजय सांगायचा नव्हता. तो व्याकरण लिहीत होता आणि जाता जाता राजाचे नाव लिहून गेला. अशा, सहज पडलेल्या माहितीला अभ्यासक फार जपतात, कारण तिच्यात खोटे बोलण्याचे कारणच नसते.

दोन टोके मिळाली. १२०५ मध्ये आजऱ्यात भोजाचे राज्य, २२ एप्रिल १२१३ ला मिरजेच्या मुलखात सिंघण गाव देतो आहे. या भागातली ही सत्तापालट या आठ वर्षांतली. नेमका दिवस कोणता, लढाई एक की अनेक, हे या दोन पुराव्यांना विचारू नये. आजरा आणि मिरज ही वेगळी ठिकाणे आहेत, म्हणजे मिरज आधी आणि पन्हाळा नंतर पडला असेल, हीही शक्यता उरतेच. पण आठ वर्षांचा पट्टा मिळणे ही मध्ययुगीन इतिहासात चैन आहे.

शत्रूपक्षाची साक्ष मिळाली तर आणखी बरे. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला रोखल्याचे ऐहोळेच्या ६३४ च्या लेखात रविकीर्ती सांगतो. तो पुलकेशीच्याच दरबारातला, तेव्हा त्याचे बोलणे जरा कमी धरून घ्यावे लागते. पण हर्षाचा पाहुणा आणि चाहता असलेला चिनी भिक्षू युआन श्वांग यानेही हर्षाला हा प्रदेश जिंकता आला नाही असे लिहून ठेवले आहे. यजमानाला न आवडणारी गोष्ट पाहुणा उगाच लिहीत नाही.

┌──────────────────────────────┐
चौकट : पुरावा हातात आला की

आधी तो नेमके काय म्हणतो ते स्वतःचे शब्द न घालता लिहावे. मग निष्कर्षापर्यंत पोचायला आपण कोणते वाक्य पदरचे घातले ते शोधावे. निष्कर्ष खोटा असता तर पुरावा वेगळा दिसला असता का, हे विचारावे. उत्तर 'नाही' आले तर त्या पुराव्याचा तिथे उपयोग नाही. लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता आणि खोटे लिहून त्याचा काय फायदा होता, हे पाहावे. साक्षीदार मोजताना नकला मोजू नयेत.
└──────────────────────────────┘

कुरुंदवाडकरांचा पर्याय

आता तो जिव्हाळ्याचा (ड). कूडलदामवाड म्हणजेच आजचे कुरुंदवाड, असे समीकरण मांडले जाते. ते मान्य केले तर १२१३ मध्ये गाव दान देण्याजोगे, म्हणजे वसूल देणारे होते, आणि आठशे वर्षांचा दाखला मिळाला.

समीकरणाच्या बाजूने बरेच आहे. गाव मिरजेच्या मुलखातले हवे, कुरुंदवाड आहे. देवळाला ज्या गावाचे उत्पन्न द्यायचे ते फार लांबचे नसावे. कुरुंदवाड आणि खिद्रापूर एकाच तालुक्यात आहेत. कानडीत कूडल म्हणजे संगम, आणि कुरुंदवाडला संगम शेजारी आहे. शेवटचे 'वाड' दोन्हीकडे आहे.

पण संगम या टापूत एकच नाही, आणि शेवटी 'वाड' असलेली गावे इथे पायलीला पन्नास. उलटा प्रश्न विचारला तर उत्तर थोडे थांबवते : कूडलदामवाड हे दुसरेच, पुढे उजाड झालेले किंवा नाव बदललेले गाव असते, तरी लेखातली ओळ अशीच असती. म्हणून परीक्षेतला काटेकोर परीक्षक (ड) ला 'निश्चितपणे निघतो' असे म्हणणार नाही. तो 'संभाव्य' म्हणेल, आणि विधानात नसलेली माहिती वापरल्याबद्दल एखादा शेराही मारील. इतिहासाचा अभ्यासक त्याच्याहून उदार असतो. तो 'संभाव्य' ला मान देतो, फक्त त्याला 'सिद्ध' च्या खुर्चीत बसवत नाही. मधल्या शतकांतला एखादा कागद किंवा लेख नावाचे मधले रूप दाखवील, किंवा शेजारच्या गावांसह हद्दी सांगील, तर ही खुर्ची रिकामी आहे.

गावाच्या नावाचा घोळ केवढा होऊ शकतो, याचे एक अलीकडचे उदाहरण कुरुंदवाडच्याच वाट्याला आले आहे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे यांच्याबद्दलच्या इंग्रजी मजकुरात 'कुर्डुवाडीच्या राजांचे' नाव वारंवार येते. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले रेल्वे जंक्शन. तिथे गाड्या होत्या, गादी नव्हती. गादी होती ती कुरुंदवाडला, पटवर्धनांची. १८५४ मध्ये वाटणी होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन झाल्या त्या इथे. छत्र्यांचे जन्मगाव अंकलखोपही कृष्णाकाठचेच. कोणीतरी रोमन लिपीतली दोन नावे एकमेकांत मिसळली असावीत आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली, हा खुलासा सर्वांत सरळ वाटतो. वीस ठिकाणी 'कुर्डुवाडी' छापले असेल आणि वीसही जण एकाच मजकुरावरून उतरवत असतील, तर साक्षीदार एकच. मोबाइलच्या काळात ही गोष्ट विसरायला फार सोपी झाली आहे.

तुटलेल्या सोंडा

कोपेश्वराला गेलेला माणूस परतताना एक गोष्ट ऐकून येतोच : मूर्ती औरंगजेबाच्या फौजेने १७०२ मध्ये फोडल्या. समोर पुरावाही दिसतो. हत्तींच्या सोंडा तुटलेल्या, हात गेलेले, चेहरे झिजलेले.

या विधानाकडे भावनेने पाहणारे दोन्ही बाजूंना आहेत. एक गट ते सिद्धच मानतो, दुसरा ऐकूनच घेत नाही. प्रश्नपत्रिकेच्या शिस्तीने पाहिले तर काय दिसते? औरंगजेब तेव्हा याच भागात होता हे नक्की. १७०१ मध्ये त्याने पन्हाळ्याला वेढा घातला, १७०२ च्या पूर्वार्धात तो विशाळगडाशी झुंजत होता. त्याच्या कारकिर्दीत देवळे पाडल्याच्या नोंदी खुद्द मोगल तवारिखांत आहेत. १६६९ चे काशीचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. म्हणजे साधन होते, संधी होती, सवयही होती.

एवढ्याने घटना शक्य ठरते, त्यातही बऱ्यापैकी शक्य. पण तुटलेली सोंड स्वतः तारीख सांगत नाही. दगडातला जो भाग बाहेर आलेला असतो तो आधी जातो. पूर, पडझड, शेकडो वर्षांची हाताळणी, चोऱ्या, सगळ्यांचा पहिला बळी सोंड आणि हातच. तेव्हा या दोन कारणांमध्ये फरक पाडणारी खूण शोधावी लागते. घाव ठरावीक जागी, म्हणजे मुद्दाम चेहऱ्यांवरच आहेत का? पाण्याच्या पातळीच्या वर, हात सहज न पोचणाऱ्या जागीही ते आहेत का? छिन्नी-हातोड्याच्या खुणा झिजेच्या खाली आहेत की वर? त्या काळच्या कागदात खिद्रापूरचे नाव येते का? ही विचारणा म्हणजे कोणाचा बचाव नव्हे. आरोप खरा असेल तर तो या प्रश्नांतून अधिक घट्ट होऊन बाहेर येईल.

शेजारीच उलट्या प्रकारची चूकही होते. कोपेश्वरासमोर आज नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे अशी कथा सांगतात. आज नंदी दिसत नाही, यावरून तो कधी नव्हताच असे कोणी म्हटले तर तेही पदरचेच वाक्य. न सापडणे हा पुरावा तेव्हाच होतो, जेव्हा वस्तू असती तर ती उरायलाच हवी होती अशी खात्री असते.

संगमावरची समाधी

शेवटचा प्रश्न पुन्हा कुरुंदवाडचा. इथे संगमाच्या परिसरात सेनापती संताजी घोरपडे यांची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे. विधान एवढेच. यावरून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो : संताजी इथेच पडले.

संताजींचा अंत १६९७ मध्ये झाला. म्हसवडच्या नागोजी माने यांनी त्यांना मारले आणि शिर औरंगजेबाकडे गेले, हे मोगल बाजूच्या लेखकांनी नोंदवले आहे. घटनेची जागा ते शंभू महादेवाच्या डोंगररांगांकडे, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे नेतात. तिथून कुरुंदवाड बरेच दूर.

मग समाधी खोटी? तसेही नाही. इथे दडलेले वाक्य आहे, 'समाधी मृत्यूच्या जागीच असते.' ते कोल्हापूरकरांना तरी पटू नये. राजर्षी शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ ला मुंबईत झाले आणि समाधी आहे कोल्हापुरात. संगमावर अस्थिविसर्जनाची चाल जुनी आहे, आणि घोरपड्यांचे संबंधही याच भागातले. संताजींच्या वंशजांची सेनापती कापशी कागल तालुक्यात. इचलकरंजीच्या संस्थानिकांनी तर संताजींच्या उपकाराखातर घोरपडे हे आडनावच घेतले. मृत्यू तिकडे आणि समाधी इकडे, या दोन गोष्टी सुखाने एकत्र नांदू शकतात. परीक्षेत 'दोन्ही विधाने परस्परविरोधी आहेत' या पर्यायावर खूण करणारे इथे चुकतात.

मोगल लेखकांमध्येही प्रतवारी लावावी लागते. भीमसेन सक्सेना हा त्या वर्षांत मोगल फौजेबरोबर दख्खनेतच वावरत होता. साकी मुस्तैदखानाने औरंगजेबाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत दरबारी कागदांच्या आधारे 'मासिर-इ-आलमगिरी' लिहिली. खाफीखानाचा ग्रंथ आणखी कैक वर्षांनी पुरा झाला; आणि गंमत अशी की सर्वांत रंगतदार हकिकत त्याचीच. संताजी ओढ्यावर आंघोळ करत असताना हल्ला झाला, शिर घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या थैलीत घातले, वाटेत थैली पडली आणि ती तिसऱ्याच कोणाच्या हाती लागली. वाचताना प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. पण डोळ्यांपुढे उभे करणे हे लेखकाचे कसब आहे. तो तिथे होता याची ती पावती नाही. नागोजीने मारले यावर सगळे एकमत असतील तर ते घट्ट धरावे, थैलीची गोष्ट मात्र सैल हाताने.

समाधीबद्दल निर्णायक ठरेल तो वेगळ्या प्रकारचा कागद : समाधीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या इनामाची सनद, पुजाऱ्याच्या नेमणुकीचे पत्र, हद्दीच्या भांडणातला 'संताजीबावांच्या देवळापासून पूर्वेस' असा एखादा सहज उल्लेख. असे कागद मोडीत असतात आणि शूरकथा सांगण्यासाठी लिहिलेले नसतात. कोल्हापूरच्या पुरालेखागारात आणि घराण्यांच्या दप्तरांत मोडीचे रुमाल आहेत. त्यांतल्या एखाद्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीची तारीख, कुरुंदवाडचे नाव आणि घोरपड्यांचे तेल-वातीचे पैसे एकत्र आले, तर 'म्हणून ओळखली जाणारी' हे शब्द त्या समाधीच्या आधी लावायची गरज उरणार नाही.